पेट्रोल पिकअपचा चेक इंजिन दिवा आणि टाकीतली वाफ : घरी काय तपासायचं, काय बदलायचं

मार्केट यार्डातून पहाटे भाजी भरून निघणाऱ्या आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सुटे भाग पोचवणाऱ्या छोट्या पिकअपमध्ये आता पेट्रोलच्या किंवा पेट्रोल-सीएनजीच्या गाड्या बऱ्याच दिसतात. डिझेल सोडून या गाड्यांकडे आलेल्या मालकांना एक दुखणं नवीन असतं. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, पण गाडी नेहमीसारखी ओढते आणि ॲव्हरेजही फारसं पडत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ‘इव्हॅपचा कोड आहे’ असं उत्तर मिळतं. इव्हॅप म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ अडवून ती इंजिनात जाळणारी यंत्रणा. मग एक जण कॅनिस्टर बदला म्हणतो, दुसरा सेन्सर बदला म्हणतो, तिसरा पाइप बंद करून दिवा घालवून देतो म्हणतो.

या बिघाडात भाग बदलायची घाई करू नका, एवढंच मला आधी सांगायचं आहे. टाकीतून निघालेली वाफ इंजिनात पोचेपर्यंत ज्या रस्त्याने जाते, तो रस्ता झाकणापासून क्रमाने तपासत जा. दोष बहुतेक वेळा स्वस्तातल्या जागी सापडतो आणि घरच्या अंगणात, साध्या हत्यारांनी दुरुस्त होतो. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र काहीही उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

डिझेल पिकअपवाल्यांनी पुढे वाचायची गरज नाही. डिझेलची वाफ फार कमी होते, म्हणून त्या गाड्यांना ही यंत्रणाच नसते. तिथे दिवा लागला तर कारण वेगळं असणार.

वाफेचा रस्ता

पेट्रोल टाकीत बसल्या बसल्या उडत असतं. पुण्यात हिवाळ्यात रात्री १० अंशांच्या आसपास असलेला पारा दुपारी ३० पर्यंत चढतो आणि टाकी रोज फुगते, रोज आकसते. एप्रिल-मे महिन्यांत तर उन्हात उभ्या गाडीची टाकी दिवसभर वाफ सोडत राहते. पूर्वी ही वाफ सरळ हवेत जायची. या वाफेतल्या हायड्रोकार्बनांपासून उन्हात जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, आणि तिच्यात थोडं बेंझिनही असतं, जे कॅन्सरला कारणीभूत ठरतं. म्हणून वाफ अडवून ठेवायची आणि नंतर इंजिनातच जाळायची, अशी सोय केलेली असते. गाड्यांच्या प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले १ एप्रिल २०२० पासून, पण त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांतही ही सोय होती. गाडीच्या नव्या मॉडेलला मंजुरी देताना ती एका बंद खोलीत उभी करून किती वाफ बाहेर पडते हे मोजलं जातं. अशी मंजुरी देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही आपल्या कोथरूडजवळच्या टेकडीवरच आहे.

टाकीच्या वरच्या बाजूने एक पाइप निघतो आणि कॅनिस्टरला जातो. कॅनिस्टर म्हणजे सक्रिय कोळशाचे दाणे भरलेला काळा प्लास्टिकचा डबा. कोळशाचे दाणे वाफ धरून ठेवतात. डब्याला तीन तोंडं असतात : एक टाकीकडचं, एक इंजिनाकडचं आणि एक बाहेरच्या हवेचं. इंजिनाकडच्या पाइपवर पर्ज व्हॉल्व्ह बसवलेला असतो. वीज मिळाली की तो उघडतो, नाहीतर बंद राहतो. इंजिन तापलं की गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, या व्हॉल्व्हला थोडी थोडी उघडझाप करायला लावतो. इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या ओढीने बाहेरची हवा कॅनिस्टरमधून आत येते, कोळशाला धरलेली वाफ सोबत घेते आणि ती वाफ इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जाऊन जळते. काही गाड्यांत हवेच्या तोंडावर व्हेंट व्हॉल्व्ह आणि टाकीवर दाब मोजणारा सेन्सरही असतो.

हा शेवटचा फरक नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा तपास त्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड नोंदवायची पद्धत, सक्तीची झाली आणि गाडीने वाफेची गळती स्वतः ओळखावी असा नियम आला. आधी १ मिलिमीटरच्या भोकाएवढी, नंतर अर्ध्या मिलिमीटरएवढी. इंटरनेटवर इव्हॅपच्या दुरुस्तीचे जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक तिथल्या मोठ्या पिकअपचे असतात. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत टाकीच्या दाबाचा सेन्सर नसतो. त्यांचा ईसीयू मुख्यतः पर्ज व्हॉल्व्हच्या वीजजोडणीवर नजर ठेवतो. म्हणजे पाइप फाटून पेट्रोलचा वास येत असला तरी दिवा लागेलच असं नाही. दिवा नसताना येणारा वास हाही बिघाडच समजा आणि तपास याच क्रमाने करा.

हात लावण्याआधी

इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण हे काम अवघड नसलं तरी बेफिकिरीने केलं तर जीवावर बेतू शकतं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, खोलगट जागेत साठते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत जाऊन पोचते.

म्हणून सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम अजिबात करू नका. बंद शटरच्या गाळ्यातही नको. मोकळी, वारा असलेली, सपाट जागा निवडा. वाड्याच्या किंवा बंगल्याच्या अंगणात करणार असाल तर जवळच्या बाथरूमचा गॅस गीझर बंद आहे ना, तुळशीपाशी दिवा लागलेला नाही ना, इन्व्हर्टर आणि पाण्याचा पंप लांब आहेत ना, हे बघून घ्या. घरच्यांना आधी सांगून ठेवा. बिडी-सिगारेट ओढणारा शेजारी गप्पा मारायला हमखास येतो, त्यालाही लांबूनच नमस्कार करा. पावडरचं अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवा.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. टाकी अर्ध्याहून कमी भरलेली असताना काम करा. टाकीचं झाकण एकदा उघडून दाब जाऊ द्या आणि पुन्हा लावा. खोपोलीहून घाट चढून आल्यावर झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तर घाबरू नका. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि टाकीतली वाफही तापलेली असते. कोड वाचून, लिहून झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. जॅकने उचलून घोड्या (जॅक स्टँड) लावा, उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. हौदा रिकामा हवा. हातात नायट्राइलचे मोजे आणि डोळ्यांवर साधा चष्मा असावा. पाइप काढताना पेट्रोलचे थेंब वरून पडतात.

सीएनजी असलेल्या गाडीत गॅसच्या नळ्यांना, रेग्युलेटरला आणि सिलिंडरला हात लावायचा नाही. तिथला दाब भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या घरात असतो आणि ते काम परवानाधारकाचंच आहे. सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करून मगच बाकीचं काम सुरू करा. गॅसचा वास आणि पेट्रोलचा वास यांत फरक आहे. गॅसला कुजक्या अंड्यासारखा मुद्दाम घातलेला वास असतो. तो आला तर काम थांबवा.

कोड वाचा

ओबीडीचं सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं एखादं ॲप एवढं पुरतं. चावी ऑन करा, इंजिन चालू नको. जो कोड दिसेल तो कागदावर लिहा आणि ‘फ्रीझ फ्रेम’ उघडा. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती तापलेलं होतं, वेग किती होता, हे तिथे साठवलेलं असतं. पुढे गॅरेजला जायची वेळ आली तर हीच माहिती कामाला येते. घाईने कोड पुसला तर तीही पुसली जाते.

पी०४४३, पी०४४४ आणि पी०४४५ हे पर्ज व्हॉल्व्हच्या वीजजोडणीचे कोड. ते आले तर टाकीच्या झाकणाशी वेळ घालवू नका, थेट कनेक्टरकडे जा. पी०४४१ म्हणजे पर्जचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही, पी०४९६ म्हणजे तो नको तेव्हा किंवा नको तितका होतोय. दोन्हींत पहिला संशय पर्ज व्हॉल्व्हवर. पी०४४६ आणि पी०४४९ व्हेंटच्या बाजूचे. पी०४५५ मोठी गळती, पी०४५७ झाकण सैल किंवा गायब, पी०४४२ छोटी गळती, पी०४५६ अगदी बारीक गळती. हे शेवटचे चार दाबाचा सेन्सर असलेल्या गाड्यांतच दिसतात. पी०४४० नुसतं एवढंच सांगतो की या यंत्रणेत कुठेतरी काहीतरी बिघडलंय.

कोड भागाचं नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०४४१ आला म्हणून व्हॉल्व्ह खराबच, असं नाही. उंदराने कुरतडलेल्या पाइपमुळेही तोच कोड येऊ शकतो.

झाकण आणि टाकीचं तोंड

झाकणाची रबरी रिंग बोटाने फिरवून बघा. भेग, चपटेपणा, कडकपणा दिसला तर झाकण बदला. रिंगवर धूळ-माती असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, ग्रीस किंवा ऑइल लावू नका. टाकीच्या तोंडाची जिथे रिंग टेकते ती कडा बघा. दोन-तीन पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीत तिथे गंज धरतो आणि नवीन झाकणही नीट बसत नाही. हलका गंज फडक्याने निघाला तर ठीक. घासकागद वापरला तर कण टाकीत पडतात आणि घासताना ठिणगीची भीती असते, म्हणून तो मोह टाळा.

झाकणात दाबाचा बारीक व्हॉल्व्ह असतो. स्वस्त डुप्लिकेट झाकणात तो नसला किंवा चिकटला तर टाकीत निर्वात पोकळी होते आणि गाडीच्या इंधन पंपावर ताण येतो. नाना पेठेत सुटे भाग घेताना जुनं झाकण सोबत न्या आणि मॉडेलचं नाव, वर्ष सांगूनच नवं घ्या. दिसायला सारखी झाकणं आतून सारखी नसतात.

पाइप, क्लिपा आणि उंदीर

आता पाइप. टाकीपासून कॅनिस्टरपर्यंत, कॅनिस्टरपासून पर्ज व्हॉल्व्हपर्यंत, तिथून मॅनिफोल्डपर्यंत बोटांनी चाचपत जा. बऱ्याच छोट्या पिकअपमध्ये इंजिन सीटखाली असतं, सीट उचलली की व्हॉल्व्हकडचे पाइप दिसतात. मागचे पाइप चासीच्या कडेने जातात.

पुण्यात उंदीर-घुशींचा त्रास सगळीकडे आहे, आणि भाजी-धान्य वाहणाऱ्या गाडीला तो जास्त. दाताचे खरवडे, लेंड्या, कापसाचं किंवा गवताचं घरटं दिसलं तर पाइपाबरोबर वायरही तपासा. मऊ रबरी पाइप वाकवून बघा, भेगा वाकवल्यावरच दिसतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं किंवा कडक होऊन तडकतं. नवा पाइप घेताना इथेनॉलसाठी चालणारा, पेट्रोलच्या वाफेसाठीचाच पाइप मागा. पाणी किंवा हवेचा पाइप तिथे टिकणार नाही.

एखादा पाइप संशयास्पद वाटला तर दोन्ही टोकांनी काढून तपासा. एक टोक बुचाने बंद करा, दुसऱ्याला मेडिकलमधून आणलेली ५० मिलिलिटरची सिरिंज लावून दट्ट्या ओढा आणि थांबा. पाइप चांगला असेल तर दट्ट्या पुन्हा आत खेचला जातो. हवा सहज येत राहिली तर गळती आहे. ही चाचणी सुट्या पाइपावरच करा, टाकीवर नाही. आणि तोंडाने फुंकून किंवा ओढून कुठलाच पाइप तपासू नका, आतली वाफ थेट फुप्फुसात जाते.

प्लास्टिकच्या जोडाला दोन्ही बाजूंच्या खुणा दाबून सरळ ओढायचं असतं. पक्कडीने पिरगळला तर तुटतो. जुना पाइप निप्पलला चिकटला असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून दोन मिनिटं ठेवा. लायटर नको, हेअर ड्रायरही नको.

पर्ज व्हॉल्व्ह

बऱ्याच तक्रारींचं मूळ हा मुठीएवढाही नसलेला व्हॉल्व्ह असतो, म्हणून तो नीट समजून घ्या. तो दोन प्रकारे बिघडतो. उघडा अडकला तर वाफ सतत इंजिनात जात राहते. पेट्रोल भरून निघाल्या निघाल्या गाडी चालू व्हायला त्रास देते, दोन-तीनदा स्टार्टर मारावा लागतो, आयडलिंगला इंजिन थरथरतं. पंपावरून निघताना हटकून होणारी ही तक्रार तुमच्या गाडीला असेल तर कोड नसतानाही या व्हॉल्व्हपासून सुरुवात करा. बंद अडकला तर इंजिनाला काही कळत नाही, पण कॅनिस्टर रिकामा होत नाही आणि उन्हात गाडीमागे पेट्रोलचा वास यायला लागतो.

पहिली चाचणी इंजिन चालू ठेवून होते, म्हणून ती मोकळ्या हवेतच करा, आणि तेवढ्यापुरती बॅटरी जोडा. सैल बाह्या, गळ्यातली चेन, ओढणी पट्ट्यापासून लांब. थंड इंजिन चालू करा, व्हॉल्व्हचा कॅनिस्टरकडचा पाइप काढा, पाइपाचं टोक बुचाने बंद करा आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. सर्वसाधारणपणे थंड इंजिनावर ओढ जाणवायला नको. जाणवली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. इंजिन पुरतं तापल्यावर थोडं रेस केलं की बोटाखाली धडधडत ओढ यायला हवी. तेव्हाही काहीच नसेल तर व्हॉल्व्ह, त्याची वीज किंवा मॅनिफोल्डकडचा पाइप यांपैकी एकात दोष आहे.

दुसरी चाचणी व्हॉल्व्ह काढून. बॅटरी पुन्हा सोडवा, कनेक्टर काढा, व्हॉल्व्ह सोडवून गाडीपासून लांब, घराच्या दुसऱ्या बाजूला न्या. मल्टिमीटर नसेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधा मिळतो आणि पुढे गाडीच्या कितीतरी कामांना उपयोगी पडतो. दोन पिनांमधला रोध मोजा. बहुतेक व्हॉल्व्ह २० ते ३५ ओमच्या दरम्यान दाखवतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली गुंडाळी तुटली आहे. शून्याच्या जवळ असेल तर शॉर्ट आहे, आणि असा व्हॉल्व्ह परत लावला तर ईसीयूलाही इजा होऊ शकते.

रोध ठीक असेल तर सिरिंज लावून हवा ढकलून बघा. विजेशिवाय हवा जायला नको. मग क्षणभर १२ व्होल्ट द्या. ‘टक’ आवाज यायला हवा आणि हवा जायला हवी. वीज देताना वायरीच्या टोकाला ठिणगी पडते. म्हणूनच व्हॉल्व्ह गाडीपासून लांब न्यायला सांगितलं. आवाज येतो पण विजेशिवायही हवा गळते, असा अर्धवट बिघडलेला व्हॉल्व्ह खूप जणांना फसवतो. नुसता टक आवाज ऐकून त्याला चांगला म्हणू नका.

व्हॉल्व्ह उलटा करून पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. काळी पूड किंवा दाणे पडले तर नवा व्हॉल्व्ह लावून काम संपणार नाही. कॅनिस्टरमधला कोळसा फुटून बाहेर येतोय आणि तो नव्या व्हॉल्व्हच्या बैठकीतही जाऊन अडकेल. अशा वेळी कॅनिस्टर आणि व्हॉल्व्ह दोन्ही बदला, आणि मधला पाइप काढून आतून झटकून, पुसून मगच लावा. लावताना बाणाची दिशा बघा. बऱ्याच व्हॉल्व्हवर इंजिनाची बाजू दाखवलेली असते.

वीज

पी०४४३ ते पी०४४५ पैकी कोड असेल आणि व्हॉल्व्हचा रोध ठीक आला असेल, तर दोष बहुधा वायरीत आहे. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही हे बघून बॅटरी जोडा, चावी ऑन करा आणि व्हॉल्व्हच्या सुट्या कनेक्टरमधल्या पिना मीटरने मोजा. एका पिनेवर बॅटरीइतके व्होल्ट मिळायला हवेत, नसतील तर फ्यूज आणि मेन रिले बघा. दुसरी पिन ईसीयूकडे जाते. तिथून संगणक व्हॉल्व्हला अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह जोड देतो. बॅटरी काढून त्या वायरची सलगता (कंटिन्युइटी) मीटरने तपासा. ईसीयूच्या वायरला टेस्ट लॅम्प लावू नका.

पावसाळ्यात चिखल-पाणी अंगावर घेणाऱ्या गाडीत कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखा गंज सापडतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळू द्या. तुटलेली वायर जोडताना गाडीपाशी सोल्डरिंग करायचं नाही. दाबून बसवायचा जोड आणि वर जलरोधक टेप पुरेशी आहे.

कॅनिस्टर आणि हवेचं तोंड

पेट्रोल पंपावर ऑटो-कट झाल्यावर ‘राउंड फिगर करू का?’ असा प्रश्न येतो आणि आपण मान हलवतो. कॅनिस्टर अकाली जाण्यामागे ही सवय मोठं कारण आहे. वाफेसाठी ठेवलेली टाकीतली रिकामी जागा पेट्रोलने भरते, चढावर गाडी कलली की पातळ पेट्रोलच कॅनिस्टरच्या पाइपात शिरतं आणि कोळसा भिजून निकामी होतो. पहिल्या कटला नोझल बाहेर काढायला सांगा. पाचशे-हजाराचा गोल आकडा हवा असेल तर तो भरण्याआधीच सांगा.

कॅनिस्टर काढून हलवा. आतून पातळ काहीतरी डचमळलं किंवा तोंडातून पेट्रोल ठिबकलं तर तो बदलायचाच. उन्हात वाळवून पुन्हा वापरायचा सल्ला कुणी देईल, तो मानू नका, उन्हात वाळणारं पेट्रोल हा आगीचा धोका आहे. तडा नसेल, ठिबकत नसेल, दाणे खुळखुळत नसतील तर कॅनिस्टरच्या टाकीकडच्या तोंडातून सिरिंजने हवा ढकला. ती हवेच्या तोंडातून विनासायास बाहेर यायला हवी.

तिथे अडत असेल तर हवेचं तोंड आणि त्याचा फिल्टर बघा. सिंहगड रस्त्याच्या पलीकडे, मुळशी-भोरकडे मातीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत हा फिल्टर धुळीने आणि चिखलाने बंद होतो. मग पेट्रोल भरताना पंपाचं नोझल सारखं कट होतं, कारण आत जाणाऱ्या पेट्रोलने ढकललेली हवा बाहेर पडायला वाट नसते. कुंभारीण माशीने मातीचं घर करून नळी बुजवल्याचंही दिसतं, विशेषतः बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत. कोळ्याच्या जाळ्यानेही असं होतं. माझ्दा कंपनीने २०११ साली अमेरिकेत ‘माझ्दा ६’ गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. पेट्रोलच्या वासाकडे ओढला जाणारा पिवळा कोळी व्हेंटच्या नळीत जाळं विणत होता.

नळी वेगळी काढून मऊ ब्रशने आणि हलक्या हवेने साफ करा. कॅनिस्टरमध्ये कंप्रेसरची हवा मारू नका, दाणे जागेवरून सुटतात. गाडी धुताना प्रेशर पंपाची धार टाकीच्या मागच्या बाजूला मारू नये, हे सर्व्हिसिंग सेंटरवाल्यालाही सांगून ठेवा.

व्हेंट व्हॉल्व्ह असेल तर तो पर्जच्या उलटा असतो : वीज नसताना उघडा, वीज दिली की बंद. बाकी तपासणी तशीच, रोध आणि सिरिंज.

बारीक गळती सापडत नसेल तर

वरचं सगळं ठीक आणि तरीही पी०४४२ किंवा पी०४५६ येत असेल, तर घरचे उपाय इथे संपतात. यासाठी गॅरेजमध्ये धूर सोडायचं यंत्र असतं. ते खनिज तेलाचा गार धूर अगदी हलक्या दाबाने यंत्रणेत सोडतं आणि धूर जिथून डोकावतो तिथे भोक असतं. त्याची घरगुती नक्कल करू नका. उदबत्तीचा किंवा सिगारेटचा धूर पेट्रोलच्या टाकीत सोडण्याचे व्हिडिओ मी पाहिले आहेत आणि मला त्यांची भीती वाटते. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने टाकीत हवा भरणंही तितकंच धोक्याचं. ही यंत्रणा १ पीएसआयपेक्षाही कमी दाबावर चालते, टायरच्या दाबाने टाकी, सेन्सर आणि जोड फाटतात.

दिवा विझवणं आणि खात्री करणं

दुरुस्तीनंतर कोड पुसा. दिवा गेला म्हणजे दुरुस्ती झाली असं मात्र नाही, तो पुसल्यामुळे गेला आहे. टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा, कारण काठोकाठ भरलेल्या किंवा जवळजवळ रिकाम्या टाकीवर बऱ्याच गाड्या इव्हॅपची स्वतःची तपासणी करतच नाहीत. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी थंड इंजिनावर चालू करा, थोडी शहरात आणि थोडी एकसारख्या वेगाने चालवा. कात्रज बोगद्यापलीकडचा सरळ रस्ता याला चांगला. असं काही दिवस नेहमीचं काम करा आणि ॲपमध्ये ‘पेंडिंग’ कोड बघत राहा. दिवा लागण्याआधी दोष तिथे उमटतो. गाडीने स्वतःच्या कुठल्या तपासण्या पूर्ण केल्या ते दाखवणाऱ्या ‘रेडिनेस’च्या यादीत इव्हॅपची ओळ असेल तर ती पूर्ण झालेली दिसली पाहिजे.

पीयूसीवर विसंबू नका. ती चाचणी सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराची असते, टाकीतून निसटणारी वाफ तिला दिसत नाही.

पाइप कायमचा बंद करून देण्याचा सल्ला मिळाला तर स्पष्ट नकार द्या. टाकीकडचा पाइप बंद केला तर उन्हाळ्यात टाकीत दाब साठतो. इंजिनाकडचा केला तर कॅनिस्टर भरून वाफ बाहेर सांडत राहते, तीही हौद्याखाली, जिथे हमालांची रोजची ये-जा असते. आणि प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा निकामी करणं कायद्यालाही धरून नाही.

पेट्रोल ठिबकताना दिसलं, टाकीवरचा जोड फुटलेला आढळला, ईसीयूकडून येणाऱ्या वायरीत दोष निघाला किंवा सीएनजीची नळी मध्ये आली, तर तिथेच थांबा आणि मिस्त्रीला बोलवा. ठिबकत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंग करून न्या. मिस्त्रीला तुमचा कागद द्या : कोड कुठला होता, फ्रीझ फ्रेममध्ये काय दिसलं, पर्ज व्हॉल्व्हचा रोध किती आला, विजेशिवाय हवा जात होती की नाही, कुठले पाइप तपासून झाले. तपासाची निम्मी वाट तुम्ही आधीच चाललेली असते, आणि जो भाग चांगला असल्याचं तुम्ही मोजून पाहिलंय तो बदलायची वेळ येत नाही. तरीही एखादा भाग बदलला गेला, तर जुना भाग परत मागून घ्या आणि तो कुठे खराब आहे ते तिथेच दाखवायला सांगा.